तारेच्या शेवटच्या टोकाचा हिशेब

इ. स. 1870 च्या मार्च महिन्याच्या 4 तारखेस लॉर्ड मेयो यांनीं वऱ्हाडांतील खामगांव येथें, जलंबहून आलेल्या आगगाडीच्या फांट्याचें उद्घाटन केलें. हा फांटा अवघा आठ मैलांचा. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत इंग्लंडपासून जिब्राल्टर, माल्टा, सुवेझ व एडन यांवरून मुंबईस येणारी समुद्रतार पुरी झाली. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध त्या काळच्या कापसाच्या व्यापाऱ्यांस कोणीं समजावून द्यावा लागला नाहीं. रुळांच्या कडेनें तारेचे खांब होतेच. लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडांत कळण्यास पूर्वीं जेथें दिवसांमागून दिवस जात, तेथें आतां कांहीं तास पुरूं लागले. खामगांवच्या दक्षिणेस चिखली तालुक्यांत अमडापूर म्हणून गांव आहे. टेकडीवरील बल्लाळदेवीच्या देवळामुळें तें बुलढाणा जिल्ह्यांत सर्वांच्या ओळखीचें आहे. काळ्या रानाच्या या टापूंतील कापूस गाड्यांत भरून खामगांवच्या बाजारीं जाई, आणि त्याचा भाव अमडापुरास नव्हे, खामगांवासही नव्हे, तर हजारों मैल लांबीच्या तारेच्या पलीकडच्या टोकास ठरे.

आगगाडीचा व कापसाचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. त्या तारेंतून जें वाहत होतें तें मोजण्याची विद्या मनुष्यास कशी साध्य झाली, हा इतिहास मात्र मराठी वाचकांपुढें क्वचितच येतो. शाळेच्या पुस्तकांत तो दोन सूत्रांत आटोपतो. दाबास प्रवाहानें भागलें म्हणजे रोध मिळतो, आणि दाबास प्रवाहानें गुणलें म्हणजे शक्ति मिळते. व्होल्ट भागिले ॲम्पिअर म्हणजे ओहम. व्होल्ट गुणिले ॲम्पिअर म्हणजे वॉट. परीक्षेपुरतें एवढें पुरे आहे. परंतु हा भागाकार व हा गुणाकार कोणीं हौसेखातर शोधलेला नाहीं. तारेच्या एका टोकास जेवढें घातलें तेवढें दुसऱ्या टोकास पोंचत नाहीं, मग मध्यें गेलें तें कोठें गेलें आणि त्याची भर कोणीं करावयाची, या अगदीं व्यवहारी तंट्यांतून त्याची वाढ झालेली आहे. आणि तो तंटा, आमच्या मतें, अद्याप मिटलेला नाहीं.

आरंभीं वीज मोजण्याचें साधन म्हणजे मनुष्याचें शरीरच होतें. हेन्री कॅव्हेंडिश या एकलकोंड्या इंग्रज धनिकानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत निरनिराळ्या द्रवांतून विजेचा धक्का स्वतःच्या अंगांत घेऊन, कोणता धक्का कोणत्याहून जबर लागतो एवढ्यावरून त्या द्रवांच्या रोधांची तुलना केली. ती आश्चर्य वाटावें इतकी बरोबर निघाली. पण गृहस्थ लोकांपुढें येण्यास इतका नाखूष कीं तीं टिपणें कपाटांतच राहिलीं, आणि 1879 सालीं मॅक्सवेलनें तीं छापलीं तेव्हां जगास त्यांचा पत्ता लागला. तोंपर्यंत तें काम दुसऱ्यानें करून ठेवलें होतें.

तो दुसरा म्हणजे गेओर्ग झिमोन ओहम. जर्मनींतील एर्लांगेन येथील एका कुलुपें घडविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा, जन्म 1789. कोलोन येथील शाळेंत तो गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. तारेची लांबी वाढविली असतां प्रवाह किती घटतो, एवढाच त्याचा साधा प्रश्न होता. परंतु त्या काळची विद्युत्-घटमाला चालूं केल्याबरोबर तिचा जोर उतरूं लागे, त्यामुळें सकाळचा आंकडा दुपारीं जुळत नसे. पोगेनडॉर्फ या संपादक-मित्राच्या सूचनेवरून ओहमनें घटमाला टाकून दिली आणि बिस्मथ व तांबें यांचा जोड घेतला. त्याचें एक टोक उकळत्या पाण्यांत व दुसरें बर्फांत ठेविलें. उकळतें पाणी व वितळतें बर्फ यांच्या उष्णतामानांत फरक पडत नाहीं, तेव्हां विजेच्या दाबांतही पडेना. मग सारख्या जाडीच्या पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून, टांगलेली चुंबकसूची किती पिळ देऊन जागेवर आणावी लागते हें त्यानें 1826 च्या आरंभीं मोजलें. त्यांतून जो नियम निघाला त्यांत दोन प्रकारचे रोध आहेत: एक समोर जोडलेल्या तारेचा, आणि दुसरा मागच्या सगळ्या साधनाचा, जो दिसत नाहीं पण प्रत्येक वेळीं हिशेबांत येतो. शाळेंत आपण हा दुसरा रोध गाळून टाकतों आणि उरलेल्यास ओहमचा नियम म्हणतों. वाचकांनीं हा गाळलेला रोध लक्षांत ठेवावा. पुढें अमडापूरच्या विहिरीपाशीं त्याची गांठ पडणार आहे.

1827 सालीं बर्लिन येथें ओहमचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जर्मनींतील पंडितमंडळींत तेव्हां प्रयोगास गणिताचा पोषाख चढविणें हें कांहींसें हलकें समजलें जाई; ग्रंथाचें स्वागत थंड झालें, आणि ओहमनें नोकरी सोडून कित्येक वर्षें ओढाताणींत काढलीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें 1841 सालीं त्यास कोप्ले पदक दिलें तेव्हां कोठें त्याच्या देशबांधवांचे डोळे उघडले. म्यूनिक येथील पदार्थविज्ञानाचें अध्यापकपद हातीं आल्यावर थोड्याच काळानें, 1854 सालीं, तो वारला.

याच 1854 सालीं कलकत्ता, आग्रा व मुंबई हीं शहरें तारेनें जोडलीं गेलीं. हें काम डॉ. विल्यम ओशॉनेसी यांचें. ते मूळचे वैद्य, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रसायन शिकवीत. 1839 सालींच त्यांनीं कलकत्त्यास तारेचे प्रयोग करून हुगळीच्या पाण्यालाच परतीच्या तारेच्या जागीं वापरून पाहिलें होतें. आरंभीच्या मार्गांवर त्यांनीं नाजूक तार न घेतां जाड लोखंडी कांबच बांबूंवरून नेली. वादळ आणि माकडें यांस ती दाद देत नसे, हें एक कारण. दुसरें असें कीं तांब्याच्या मानानें लोखंडाचा रोध सहा-सात पट, आणि तो भरून काढावयाचा तर धातु जाड हवी. ओहमचें सूत्र हिंदुस्थानांत आलें तें असें, बांबूच्या खांबावरून.

जमिनीवर चूक झाली तर खांबावर चढून दुरुस्त करतां येते. समुद्राच्या तळाशीं तसें नाहीं. 1858 च्या ऑगस्टांत अटलांटिक महासागरांतून पहिली तार पोंचली. तिच्या विद्युत्-व्यवस्थेचे प्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस हेही वैद्यच. पण ओशॉनेसींचा सावधपणा त्यांच्या ठिकाणीं नव्हता. व्हिक्टोरिया राणीचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे जाण्यास सुमारें सोळा तास लागले. संदेश मंद जातो, तर दाब वाढवावा, असें ठरवून व्हाइटहाउस यांनीं सुमारें 2000 व्होल्टांचा मारा त्या तारेवर केला. आधींच दुबळी असलेली ती तार कांहीं आठवड्यांत मुकी झाली. दाब, प्रवाह व रोध हे तीन निराळे पदार्थ आहेत, आणि एकास हात लावला असतां दुसरा हलतो, हें न समजतां केलेल्या उद्योगाचें याहून महाग उदाहरण विद्येच्या इतिहासांत थोडेंच सांपडेल.

महाग म्हणावें तर तांबड्या समुद्राची तार आहेच. 1857 च्या उठावानंतर लंडनास हिंदुस्थानची खबर त्वरित हवी झाली, म्हणून सुवेझपासून एडनवरून कराचीपर्यंत 1859 व 1860 या सालांत तार टाकण्यांत आली. ती समुद्रतळाच्या उंचसखल भागावर ताणून टाकलेली होती. तुकड्यातुकड्यानें तुटली आणि सलग कधीं चाललीच नाहीं. सरकारनें भागीदारांस व्याजाची हमी देऊन ठेविली होती, त्यामुळें तार मेल्यावरही व्याज मात्र जिवंत राहिलें. या दोन अपयशांची चौकशी करण्यास जी समिति बसली तिनें 1861 सालीं अहवाल दिला. त्याचा सारांश एवढाच कीं तार टाकण्यापूर्वीं, टाकतांना व टाकल्यानंतर तिचा रोध मोजला पाहिजे. अंदाज, अनुभव व अधिकारी माणसाचा शब्द यांच्यावर विसंबून आतां भागणार नाहीं.

मोजल्यानें काय होतें हें एका उदाहरणानें सांगतों. समजा, एका मैलास 10 ओहम रोध असलेली तार शंभर मैल गेली आहे आणि मध्येंच कोठें तरी तुटून जमिनीस टेकली आहे. कार्यालयांत बसलेला मनुष्य ठराविक दाब लावतो, प्रवाह मोजतो, आणि भागाकार करतो. उत्तर 240 ओहम आलें, तर दोष चोविसाव्या मैलावर आहे. स्वारास तेथेंच धाडावें. प्रत्यक्षांत टेकलेल्या जागेचाही कांहीं रोध असतो, म्हणून दोन्ही टोकांकडून मोजून ती चूक वजा करावी लागते. पण मुद्दा ध्यानांत यावा. व्होल्टास ॲम्पिअरनें भागल्याबरोबर मैलाचा दगड हातीं लागतो, ही गोष्ट त्या पिढीस जादूसारखी वाटली असल्यास नवल नाहीं. हिंदुस्थानच्या तारखात्यांत या विद्येचा पाया लुई श्वेंडलर या जर्मन विद्युत्-तज्ज्ञानें घातला. तारा तपासण्याविषयींचें त्याचें पुस्तक खात्याच्या माणसांच्या हातीं असे. खामगांवास भाव सांगणारी तार अखंड चालली, ती अशा रोजच्या भागाकारांच्या जोरावर.

भागाकार करावयाचा तर मापें सर्वत्र एक हवींत. तीं तशीं नव्हतीं. आमच्याकडे एका गांवची पायली दुसऱ्या गांवच्या पायलीशीं जुळत नसे. युरोपांत रोधाची तीच अवस्था होती. कोणी अमक्या जाडीच्या लोखंडी तारेचा एक मैल हें माप धरी, कोणी तांब्याच्या तारेचा तुकडा डबींत घालून मित्रांस वांटी, आणि वेर्नर झीमेन्स यानें 1860 सालीं एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ हें माप पुढें आणिलें. 1861 सालीं ब्रिटिश असोसिएशननें यासाठीं समिति नेमली. तींत विल्यम टॉमसन, पुढें मॅक्सवेल, अशीं माणसें होतीं. पृथ्वीच्या चुंबकत्वांत तारेचें वेटोळें फिरवून त्यांनीं जो एकक काढला तो पुढें एक टक्क्याहून थोडा अधिक लहान निघाला, हें खरें. तथापि पायली एक झाली. 1881 सालीं पॅरिस येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें ओहम, व्होल्ट व ॲम्पिअर हीं नांवें कायम केलीं. ज्या शिक्षकाचा ग्रंथ त्याच्या देशांत कोणी वाचीना, त्याचें नांव आज प्रत्येक वायरमनच्या तोंडीं आहे.

शक्तीचें माप मात्र मागाहून आलें, आणि त्याचें कारण उघड आहे. तारायंत्रास सुईची थरथर पुरते. किती शक्ति पोंचली हा प्रश्न तेथें कोणी विचारीत नाहीं. तो प्रश्न दिव्याबरोबर आला. मँचेस्टरजवळचा मद्य गाळणारा जेम्स जूल यानें 1840 सालींच दाखविलें होतें कीं, तारेंतून प्रवाह जातांना जी उष्णता निघते ती प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणांत असते. वर्गाच्या, हा शब्द येथें महत्त्वाचा. प्रवाह दुप्पट झाला तर तारेंतील नाश दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. दाब गुणिले प्रवाह या गुणाकारास 1882 सालीं विल्यम झीमेन्सच्या सूचनेवरून वॉट हें नांव मिळालें. म्हणजे वाफेच्या यंत्राच्या कर्त्याचें नांव विजेच्या मापास लागलें. गिऱ्हाईक वाफेच्या यंत्राशीं तुलना करूनच वीज विकत घेणार होतें, तेव्हां नांव योग्यच म्हटलें पाहिजे.

जूलच्या वर्गाचा पुरता व्यापारी अर्थ प्रथम ओळखला तो एडिसननें. त्याच्या काळचे दिवे थोड्या रोधाचे व मोठ्या प्रवाहाचे असत. एडिसन व त्याचा गणिती सहकारी अप्टन यांनीं हिशेब केला तो असा: तेवढीच शक्ति द्यावयाची, पण दाब वाढवून प्रवाह कमी करावयाचा, तर दिव्याचा रोध मोठा पाहिजे, म्हणजे रस्त्याखालून न्यावयाच्या तांब्याच्या तारा बारीक चालतील. 1879 सालचा त्याचा दिवा हा कोळशाच्या धाग्याचा विजय म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो त्याहून अधिक तांब्याच्या खर्चाच्या हिशेबाचा विजय वाटतो. हा हिशेब किती आवश्यक होता हें मुंबईसही लौकरच कळलें. 1882 सालीं एका कंपनीनें क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लावले. पुढच्याच वर्षीं कंपनी बुडाली आणि बाजारांत पुन्हां गॅसचे दिवे आले. मुंबईंत वीज टिकून राहिली ती पुढल्या शतकांत. 7 मे 1907 रोजीं विजेची ट्राम धावूं लागली.

एडिसनचा दाब शंभराच्या आसपास व्होल्टांचा, तेव्हां त्याची वीज मैलभर जाऊन दमे. सह्याद्रींतील पाणी मुंबईच्या गिरण्यांस उपयोगी पाडावयाचें तर हें अंतर चाळीस मैलांहून अधिक होतें. येथें वाचकांनीं थोडा गुणाकार सोसावा. एक हजार किलोवॉट म्हणजे दहा लक्ष वॉट. ते शंभर व्होल्टांनीं न्यावयाचे तर दहा हजार ॲम्पिअर प्रवाह पाहिजे. एक लक्ष व्होल्टांनीं न्यावयाचे तर फक्त दहा. प्रवाह हजारपट घटला, म्हणून त्याच तारेंतील नाश हजाराच्या वर्गानें, म्हणजे दहा लक्ष पट, घटला. जमशेटजी टाटा यांच्या मृत्यूनंतर त्यांची कल्पना त्यांच्या वारसांनीं पुरी केली. लोणावळ्याच्या तळ्यांचें पाणी पांचशें मीटरांहून अधिक उंचीवरून खोपोलीस पाडून, तेथून एक लक्ष व्होल्टांच्या दाबानें 1915 सालीं मुंबईस वीज आली. जगांत त्या वेळीं असा दाब वापरणाऱ्या योजना थोड्याच होत्या, आणि त्यांत ही एक होती याचा अभिमान बाळगण्यास आमची हरकत नाहीं.

परंतु या गुणाकाराची एक बाजू अभिमानाच्या लेखांतून बहुधा गाळली जाते. जोंवर वीज दूर जात नव्हती, तोंवर ती उत्पन्न करणारा व वापरणारा एकाच मोहल्ल्यांत होता. धूर ज्याच्या डोळ्यांत जाई, दिवाही त्याच्याच घरीं लागे. दाब वाढला आणि ही जवळीक तुटली. मुळशी पेट्यांत धरण बांधावयाचें ठरलें तेव्हां गांवें व भातशेतें पाण्याखालीं जाणार होतीं मावळ्यांचीं, आणि शक्ति जाणार होती मुंबईस. 1921 सालीं सुरू झालेला व सेनापति बापटांच्या नांवानें स्मरणांत राहिलेला मुळशीचा सत्याग्रह 1924 पर्यंत चालला. धरण झालें, आणि भिऱ्याच्या विद्युत्-गृहांतून 1927 सालीं वीज मुंबईकडे वाहूं लागली. ज्यांच्या माथ्यावरून लाख व्होल्टांची तार जाते त्यांच्या घरांत ती उतरत नाहीं, कारण ती उतरविण्यास रोहित्र लागतें आणि रोहित्रास पैसा. तारेंतील नाशाचा हिशेब वॉटांत होतो. मुळशीच्या नाशास मात्र परिषदांनीं कांहीं एकक ठरविलें नाहीं.

आगगाडीचा दाखला ओझरता देतों. 3 फेब्रुवारी 1925 रोजीं बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची गाडी 1500 व्होल्टांवर सुरू झाली. दीड हजार किलोवॉट ओढणाऱ्या गाडीस या दाबानें 1000 ॲम्पिअर लागतात. 25,000 व्होल्टांवर साठ पुरतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर हा बदल 2012 ते 2016 या वर्षांत पुरा करण्यांत आला तो याच भागाकारासाठीं.

आतां अमडापूर. 1960 सालीं राज्याबरोबरच महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झालें, आणि पुढील दशकांत तारा खेड्यांपर्यंत व तेथून विहिरींपर्यंत गेल्या. अमडापूर कांहीं वीजनिर्मितीपासून दूर नाहीं. शेजारच्या अकोला जिल्ह्यांत पारस येथें 250 मेगावॉटांचे दोन संच आहेत. विजेस तेथून येण्यास अडचण नाहीं, कारण तो सर्व मार्ग उंच दाबाचा. अडचण शेवटच्या अर्ध्या कोसांत आहे. ज्यास शेतकरी डीपी म्हणतात त्या रोहित्रापाशीं 11,000 व्होल्टांचे 400 च्या आसपास होतात, आणि तेथून पुढें शिवारांतून जाते ती अल्युमिनिअमची साधी तार. तिच्या एका किलोमीटरास अदमासें एक ओहम रोध धरावा. तिच्या शेवटीं पांच अश्वशक्तीचे चार पंप आहेत, आणि प्रत्येक पंप दर तारेंतून आठ ॲम्पिअर घेतो, असें समजूं. एकूण 32 ॲम्पिअर. 32 गुणिले एक म्हणजे 32 व्होल्ट वाटेंतच गळाले. दर तारेमागें असलेल्या 230 पैकीं उरले 198. 1956 च्या विद्युत्-नियमांनीं शेंकडा सहाहून अधिक फरक नसावा असें घातलें होतें. त्या हिशेबानें 216 च्या खालीं जातां कामा नये. आणि नाश? 32 चा वर्ग 1024, तारा तीन, म्हणजे तीन हजारांवर वॉट. चार पंपांनीं पाणी ओढतांना पांचवा एक पंप जणूं तारा तापविण्यासाठींच चालूं असतो.

घरांतील विजेच्या शेगडीचा दाब घटला तर ती कमी तापते, एवढेंच. 230 व्होल्टांवर 1000 वॉट देणाऱ्या शेगडीचा रोध सुमारें 53 ओहम. 190 व्होल्टांवर ती 680 वॉटांवर येते. चहास वेळ लागतो, शेगडी मात्र जळत नाहीं. मोटरीचा स्वभाव निराळा. विहिरींतून पाणी तेवढेंच वर चढवावयाचें आहे; दाब उतरला तर गुणाकार राखण्यासाठीं ती प्रवाह अधिक घेते. प्रवाह वाढला म्हणजे जूलच्या वर्गानें तिचें वेटोळें तापतें, आणि तारेंतही आणखी दाब गळतो. त्यामुळें शेजारची मोटर आणखी प्रवाह घेते. रब्बींत वीज आल्याबरोबर साऱ्या शिवारांतील पंप एकदम सुरू होतात, तेव्हां हें चक्र कसें फिरत असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. मोटर जळाली म्हणजे दोष मोटरीस किंवा नशिबास दिला जातो. खरा दोष ओहमच्या त्या दुसऱ्या रोधाचा, जो समोर नसून मागें असतो.

उपाय एडिसनच्या काळापासून ठाऊक आहे. 11,000 व्होल्टांची तारच विहिरीपर्यंत न्यावी आणि एकदोन पंपांस एक लहान रोहित्र द्यावें. त्याच चार पंपांसाठीं त्याच रोधाच्या तारेंत मग सव्वा ॲम्पिअरही प्रवाह लागत नाहीं, आणि तीन हजार वॉटांचा नाश चार-पांच वॉटांवर येतो. महाराष्ट्रांत 2018 च्या सुमारास उच्चदाब वितरण या नांवानें हें काम हातीं घेण्यांत आलें, पण तें सर्व शिवारांत पोंचलें आहे असें कोणी म्हणणार नाहीं. दुसरा मार्ग सौर पंपांचा. तेथें तारच हातभर उरते.

या सर्वांत आम्हांस अधिक चिंता वाटते ती मोजण्याची. राज्यांतील पुष्कळ कृषिपंपांस मीटर नाहीं; त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजानें धरला जातो. जेथें ॲम्पिअर मोजला जात नाहीं, तेथें तारेंत गळालेली वीज व शेतकऱ्यानें वापरलेली वीज यांस निराळें कसें काढावयाचें? गळती शेतकऱ्याच्या खातीं पडत असल्याचा वाद वीज-नियामक आयोगापुढें वारंवार आलेला आहे. 1861 सालच्या समितीनें समुद्रतारेविषयीं जें सांगितलें तें शिवारांतील तारेस लावण्यांत आम्हांस कांहींच अवघड दिसत नाहीं. 2024 सालीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल पांच वर्षांसाठीं माफ करण्यांत आलें. बिल गेलें, त्याबरोबर हिशेब मागण्याचें निमित्तही गेलें. मोटरीचें वेटोळें नव्यानें भरून घेण्याचा खर्च मात्र पूर्वीप्रमाणेंच शेतकऱ्याच्या पदरीं आहे. डीपीपाशीं व विहिरीपाशीं एकाच वेळीं व्होल्ट व ॲम्पिअर मोजून ठेवणें हें कॉलेजांतील विद्यार्थ्यांच्या एका दिवसाचें काम आहे. आणि हिवाळ्यांतील एका रात्रीचे असे चार आंकडे अमडापूरच्या कोणा शेतकऱ्याच्या वहींत असले, तर त्याचा अर्ज पुष्कळ वेगळ्या रीतीनें वाचला जाईल.